येडशीच्या बाकावरची बाई

माझी नात धाराशिवला कॉलेजात शिकते. सुट्टीला आली की माझ्या मोबाईलवर काहीतरी नवं घालून देते. मागच्या सुट्टीत तिनं मला शब्दांचे खेळ दाखवले. चित्र नाही, गाणं नाही, नुसती अक्षरं. गोष्ट वाचत जायची, थोडी झाली की खाली दोन-तीन वाक्यं येतात, त्यातल्या एकावर बोट ठेवायचं, की गोष्ट तिकडं वळते. उद्या दुसऱ्यावर ठेवलं तर गोष्टही दुसरीच. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पोरांच्या पुस्तकावरून वाचायला शिकले. अक्षर दिसलं की मला हाव सुटते. नादच लागला बघा! असले खेळ बहुतेक इंग्रजीत, म्हणून नातीनं माझ्यापुरता एक मराठीत बनवला. त्यात एक बाई येडशीच्या स्टेशनवर बसलीय, तिची रेल्वे चुकलीय, आता पुढं काय करायचं ते आपण ठरवायचं.

धाकट्या जावेला मी तो खेळ दाखवला, तो तिचं मन रमावं म्हणून. दीर जाऊन वर्ष होत आलं होतं. शेजारच्या दोन खोल्यांत ती आणि तिच्या शेळ्या. पुण्याचा मुलगा म्हणत होता, माय, इथलं आवर, माझ्याकडं चल. येत्या रविवारी तो न्यायलाच येणार होता, आणि ही व्हय म्हणंना की न्हाय म्हणंना.

चौथीपर्यंत शिकलेली, वाचते चांगलं. पहिलं पान वाचून तिनं नातीला विचारलं, "हिच्यासंगं घरचं कुणीच न्हाय?"

"नाही आज्जी. एकटीच आहे."

"मग तिकीट कुणी काढून दिलं?"

नात पोट धरून हसली. "तिनंच काढलं! आणि ती म्हणजे तुम्हीच. आता सांगा, रामलिंगाच्या देवळाच्या वाटेनं चालत जायचं, स्टेशनमास्तरला विचारायचं, का बाकावर बसायचं?"

जावेनं मोबाईल माझ्याकडं सरकवला. "आक्का, काय करू?"

आमच्या घरात रीतच होती ती. थोरलीला विचारल्याशिवाय धाकटीनं चुलीवर काही चढवायचं नाही. कालवण कसलं, पीठ किती मळू, माहेरी कधी जाऊ, चाळीस वर्षं हेच. आक्का, काय करू? मला तो मान वाटायचा, खोटं कशाला बोलू. मी बोट ठेवून दिलं.

तीन-चार दुपारी आम्ही खेळलो. दर वळणाला मोबाईल माझ्याकडं. शनिवारी मात्र मी शेंगा फोडत होते, आणि तिनं न विचारता बोट ठेवलं. खेळात रेल्वे आली होती. तिनं निवडलं, 'बाकावर बसून राहा.' दुसरी रेल्वे आली, तरी तेच. तिसरी आली, तरी तेच.

"अगं, चढ की," मी म्हणाले. "अशानं गोष्ट पुढं कशी जायची?"

"बसू द्या की तिला. लई गार वारं सुटलंय म्हणं तिथं."

"खुळी का काय!" म्हणत मी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि 'डब्यात चढा'वर बोट ठेवलं.  ती शेळ्यांना पाणी दाखवायला उठून गेली.

रविवारी मुलगा जीप घेऊन आला. चहा झाला. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "माय, येतीस ना?"

तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "येईल की. इथं एकटी काय करणार?"

तासाभरात पिशव्या भरून झाल्या. शेळ्या माझ्या दावणीला आल्या. जीप वळणाआड गेली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. चाळीस वर्षांत मला न विचारता तिनं ठरवलेली ती पहिली गोष्ट होती, आणि मी ती एका बोटानं पुसली होती.

परवा तिचा फोन आला. सातव्या मजल्यावर राहते. लिफ्टची भीती वाटते, म्हणून खाली उतरतच नाही. म्हणाली, "आक्का, पोरगं म्हणतंय, दिवाळीला गावाकडं जायचं तर जा, न्हायतर इथंच ऱ्हा. काय करू?"

ये म्हणणारच होते. ओठ दाबून धरले आणि म्हणाले, "तुझ्या मनात काय हाय? तुला वाटंल तसं कर."

 तशी ती हळूच म्हणाली, "रागावलात का माझ्यावर?"