आधी बॉनेटवर हात

सुमनअक्का जुनी गाडी बघायला गेल्या की मालकाला नमस्कार नंतर करायच्या. आधी बॉनेटवर हात ठेवायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आधी पालथा, मग सरळ. ऊब लागली की चहासुद्धा न घेता परत फिरायच्या. मालक "अहो अक्का, बसा तर!" म्हणेपर्यंत त्या रस्त्याला लागलेल्या असायच्या.

"मानूस खोटं बोलस. थंडं इंजिन खरं बोलस," असं त्यांचं म्हणणं. जन्म दोंडाईच्याचा, नर्सची सगळी नोकरी बोदवड तालुक्यात. एरवी दवाखान्यातली शुद्ध मराठी, पण संशय आला की माहेरची अहिराणी तोंडात यायची. आणि संशय त्यांना सदैव यायचा. पंपावर टँकर खाली होत असला की त्या पेट्रोल भरत नसत, टाकीतला गाळ वर येतो म्हणून. मेकॅनिकने पार्ट बदलला म्हटलं की "जुना माझ्या हातात दे" म्हणायच्या.

त्यांची स्वतःची लहानशी गाडी होती. जपानी आराखड्याचं पेट्रोल इंजिन, आठशे सीसी, तीन सिलिंडर. त्याआधीची गाडी एका ओळखीच्याने गळ्यात मारली होती. ती मे महिन्यात जामनेर रस्त्यावर तापून बंद पडली आणि अक्कांना लसींचा डबा हातात घेऊन गावापर्यंत चालावं लागलं. विकणाऱ्याने ती दाखवण्याआधीच इंजिन फिरवून गरम ठेवलं होतं. गरम इंजिन गुळगुळीत चालतं. रात्रभर उभ्या गाडीला पहिली चावी मारली की खरे आजार बाहेर पडतात.

अक्का आणि मी एकाच चळवळीत; आमची लढाई सरकारी दवाखान्यांसाठी. पत्रकं वाटून घसा बसला, तरी अँब्युलन्स वेळेवर येईना. शेवटी गावागावांतून वर्गणी काढून, बाळंतिणींना दवाखान्यात पोचवायला आपलीच जुनी गाडी घ्यायची ठरवलं. जामनेरचा विलासभाऊ, आमच्या मोर्च्यात घोषणा देणारा, स्वतःहून म्हणाला, माझी घ्या. मी खूश. अक्कांना नुसतं सोबत नेलं.

"भाऊ, शेवटची केव्हा चालवली?"

"आठ दिवसांत चावीसुद्धा लावली नाही, अक्का. चळवळीसाठीच राखून ठेवली."

अक्कांनी बॉनेटवरचा हात उचलला. "गरम शे."

"ऊन लागलं असेल."

"पत्राखाल? सकायमा?"

थंडीतली सकाळ होती. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाची तिरीपही नव्हती. तरी मी अक्कांना बाजूला ओढलं. "अक्का, ह्या माणसाने आपल्यासोबत लाठ्या खाल्ल्यात!"

"लाठ्या त्याने खाल्ल्या. इंजिनने नाही."

"मग विश्वास ठेवायचा कोणावर?"

"रस्त्यात गाडी बंद पडेल, आत बाई कळा देत असेल, तेव्हा विचार मला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही न सांगता हजर. विलासभाऊ दात घासत बाहेर आला आणि घासायचाच थांबला. अक्कांनी चावी मारली. टायमिंगची साखळी डब्यात खडे हलवल्यासारखी खडखडली. निळ्या धुराने शेड भरली, म्हणजे इंजिन तेल जाळत होतं. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय जमलेली. "पाणी तेलात शिरलंय. हेड गॅस्केट गेलं," अक्का म्हणाल्या.

"एवढा संशय असेल तर चळवळ कशाला करता?" विलासभाऊ उखडला.

"संशय आहे म्हणूनच करते, भाऊ."

बाळंतिणींच्या जिवावर गाडी खपवायला निघालेला हा माणूस पुढच्या मोर्च्यात पुन्हा सगळ्यांच्या पुढे उभा! मी त्याच्या हातातला माईक काढून घेतला.

वर्गणी तशीच पडून राहिली. लोक विचारू लागले, गाडी कुठाय? तेवढ्यात अक्कांची नजर अधू झाली, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्यांनी निरोप धाडला, माझी गाडी घेऊन जा.

मी गेले, तर अक्का ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. "बघ गाडी."

"तुमची गाडी काय बघायची, अक्का?"

"बघ म्हणते ना."

मी हात ठेवला. बॉनेट कोमट होतं.

अक्का मेथीतून मान वर करीनात. माझ्या पिशवीत गावांची वर्गणी, समोर माझ्या आईच्या वयाची बाई.

"अक्का... गरम आहे."

"मग?"

"मग उद्या येते. न सांगता."

अक्का हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. "मीच मुद्दाम तापवून ठेवली होती. आज चावी मागितली असती ना पोरी, तर गाडी दिलीच नसती."

दुसऱ्या सकाळी बॉनेट गार होतं. गाडी पहिल्या चावीला चालू झाली, जरासा निळसर धूर सोडत धापली. अक्कांनी आपल्या गाडीचे दोष स्वतःच सांगितले. "तेल थोडं पिते, दर आठवड्याला तेल मोजायची दांडी काढून बघ. उभी असली की थरथरते, ते तीन सिलिंडरचं असतंच. टायमिंगचा पट्टा जुना आहे, तो आधी बदल. तुटला तर जागेवर बंद."

पट्टा बदलला. जुना मी हातात मागून घेतला. त्या गाडीने अजून एकाही बाईला रस्त्यात ठेवलेलं नाही.

गेल्या वर्षी बोदवडहून फोन आला, अक्का गेल्या. मी त्याच गाडीने पोचले. दारात घरचे सांगत होते, झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही. मी कोणाचं ऐकत थांबले नाही. सरळ आत गेले. आधी कपाळावर हात ठेवला, मग विश्वास ठेवला.