स्वच्छ हवेचा नमुना

पीएच.डी.साठी मी हवेतले क्षयाचे जंतू शोधत होते. दवाखान्यात पेशंट बसतात तिथली हवा एका यंत्रातून ओढायची आणि फिल्टरवर जे साठेल ते लॅबमध्ये तपासायचं. तुलनेसाठी मात्र क्षयाचा रुग्ण नसलेलं एखादं घर हवं होतं. मी बिनदिक्कत बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीतलं आमचं क्वार्टर निवडलं. परवानगीचा अर्ज नको, शिवाय आईचा चहा.

बाबांना त्या यंत्राचं भारी कौतुक. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या इन्स्पेक्शनमध्ये चाललेली. माप घेताना टेबलाला धक्का लागला तर ते साहेबालाही बाहेर उभं करत. यंत्र सुरू झालं की ते पंखा बंद करायचे, आईला उदबत्ती विझवायला लावायचे आणि स्वतः मागच्या दाराने बाहेर पडायचे.

"देव ताटकळला तरी चालेल, लेकीचं मशीन सांभाळा," आई कुरकुरायची. मला वाटायचं, पाय मोकळे करायला जात असतील.

घरचे नमुने स्वच्छ येत होते. गाईड खूश होते, मीही.

थंडीत एकदा मेंदीच्या कुंपणापलीकडून शेजारच्या भाभींनी हाक मारली. "बिटिया, बुरा मत मानना. तुम्हारी मशीन चलती है तो भाईसाहब हमारे आँगन में आकर खाँसते हैं. कितना कहा, ठंड है, घर में बैठिए. बोले, बिटिया की रीडिंग बिगड़ जाएगी."

बाबा खोकतात हे माहीत होतं, थंडीचा खोकला म्हणून आई काढाही देत होती. पण लपवायला शेजारचं अंगण लागावं इतका?

घरात आले तर ते स्वेटर घालून पेपर वाचत बसलेले.

"बाबा, कधीपासून खोकताय?"

"दिवाळीपासून असेल. पण मशीन चालू असताना घरात एकदाही नाही हं."

हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की मला रडू आलं, आणि त्यांचा भयंकर रागही आला. दुसऱ्याच दिवशी त्यांना तपासायला नेलं. क्षयच निघाला. आमचीही तपासणी झाली, आई आणि मी त्यातून सुटलो होतो. घरचे सगळे नमुने मी रद्द केले, आणि बाबांना आजारापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गोळ्यांनी ते हळूहळू सावरले. कोर्स संपला, डॉक्टरांनी बरे झालात म्हणून सांगितलं, तेव्हा मी यंत्र पुन्हा बैठकीत मांडलं. सुरू करताच बाबा सवयीने मागच्या दाराकडे निघाले. मी त्यांची खुर्ची यंत्राशेजारी ओढली.

"इथंच बसा. खोकला आला तर इथंच खोका."

ते अवघडून बसले. "आणि माझ्यामुळे परत बिघडलं तर?"

"बिघडू दे, बाबा. मला कळायला तर हवं."