वर्गात एकदाच मराठी

अबूधाबीच्या खलिफा सिटीतल्या एका शाळेत मी मुलींना इंग्रजीतून गणित शिकवते. नववीच्या वर्गात बहुतेक सगळ्या अरब, आणि एक माझी लेक. मला अरबी येत नाही. यल्ला, खलास, इन्शाल्ला, एवढ्यावर इतकी वर्षं काढली. लेक मात्र इथेच वाढली. ती अरबीत भांडतेसुद्धा.

मी फळ्याकडे वळले की पाठीमागे अरबीत काहीतरी पुटपुटणार आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसणार, हे रोजचंच. सुपरवायझर बाईंनी बजावलं होतं, वर्ग आवरत नसेल तर काढून घेऊ. म्हणजे पुन्हा प्रायमरी, बसा पोरांची नाकं पुसत! म्हणून घरी जाताना गाडीत मी लेकीला विचारायचे, "काय गं म्हणत होत्या?"

"नथिंग, आई." नजर खिडकीबाहेर.

"कोण सुरुवात करतं तेवढं तरी सांग."

"आय टोल्ड यू, नथिंग."

मला वाटायचं, पोरगी आईला जपतेय. खरंच सांगते, भरून यायचं.

मग एका सकाळी मी वर्गाशी जरा लवकर पोचले. दार उघडंच होतं. एक मुलगी फळ्यापाशी उभी, डोक्याला काळी ओढणी टॉवेलसारखी गुंडाळलेली, हातातलं पेन टूथब्रशसारखं धरलेलं. खिडकीच्या काचेत बघून ती ओठ हलवत होती, बोट उगारत होती, मान झटकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. बाकीच्या हसून लोळायच्या बाकी होत्या.

हे कळायला अरबी कशाला लागते? रोज सकाळी न्हाऊन, केसांना टॉवेल बांधून, मी बाथरूमच्या आरशासमोर इंग्रजी वाक्यं घोकते. ब्रश हातात तसाच. मराठी शाळेत शिकलेली बाई मी, घोकल्याशिवाय जीभ वळत नाही. नवरा आठवडाभर तिकडे शारजाच्या हमरियाला, कंपनीच्या खोलीवर. हे बघणारं घरात एकच माणूस. काखेत कळसा नि गावाला वळसा! आणि ते माणूस पहिल्या बाकावर बसून त्या मुलीला हाताने दाखवत होतं, तशी नाही, मान अशी झटक.

मी आत गेले. हसणं बंद. ओढणी भराभर सुटली. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी तिच्या बाकापाशी गेले आणि त्या वर्गात पहिल्यांदाच मराठीत बोलले. हसून, अगदी गोड आवाजात.

"तुला वाटतं, तू यांच्यातली झालीस? अगं बाळा, तू पाणी प्यायला बाहेर गेलीस ना, की या तुझीसुद्धा अशीच नक्कल करतात. मी रोज बघते."

खोटं होतं. साफ खोटं. तसलं काही मी कधी बघितलं नव्हतं. सुचलं आणि बोलून टाकलं. वाईट वाटलं का? वाटलं, पण नंतर. आधी बरं वाटलं, अगदी पोटभर.

ओढणीवालीने तिला अरबीत काहीतरी विचारलं. मी काय बोलले, हेच विचारलं असणार.

"नथिंग," लेक म्हणाली.

आता वर्ग शांत असतो. सुपरवायझर बाई खूश आहेत. लेक पाणी प्यायला बाहेर जात नाही, घरूनच मोठी बाटली भरून आणते. मधल्या सुट्टीत मैत्रिणी हसल्या की ती एकेकीच्या तोंडाकडे बघत राहते आणि मग हसते.

गाडीत हल्ली तीच विचारते, "आई, आज केली का गं त्यांनी माझी नक्कल?" मराठीत विचारते.

"काही नाही गं," मी सांगते. खरंच काही नसतं. पण आमच्या गाडीत या उत्तरावर कोण विश्वास ठेवणार?