काकींना ठाऊक नसलेलं नाव

सुनंदाकाकींची आणि माझी पहिली भेट पालीजवळच्या त्यांच्या काजू कारखान्याच्या अंगणात झाली. मी सांगलीकडचा. हातात बॉयलर चालवण्याचा दाखला होता आणि नोकरीची निकड होती. मुलाखत म्हणजे टेबलखुर्ची असणार या समजुतीने कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. काकी भर उन्हात वाळत घातलेल्या काजूबियांमध्ये उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, एखादी गोष्ट कळली नाही तर तुम्ही काय करता? माझ्या कामात असं होत नाही, असं मी ताठ मानेने सांगितलं. "होईल," त्या म्हणाल्या, आणि उद्यापासून यायला सांगितलं. मला नोकरी नेमकी कशासाठी मिळाली ते तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या ग्रंथासाठी समितीने मला विषय दिला आहे तो 'साथीच्या काळातलं काकींचं नेतृत्व' असा. विषय भारदस्त आहे. अडचण एवढीच की त्या दिवसांत मी रोज त्यांच्या शेजारी उभा होतो आणि त्या काय करताहेत ते मला उमगत नव्हतं. लांबून पाहणाऱ्यांना ते बहुधा सोपं दिसलं असावं.

काकींनी सुरुवात केली ती घरामागच्या पडवीत, शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन. आज आसपासच्या वाड्यांतल्या बायका त्यांच्याकडे बी कापतात, गर सोलतात, प्रतवारी लावतात. बहुतेकींचे नवरे मुंबईला. सोलायच्या टेबलाला कुणबीवाडी आणि बौद्धवाडी शेजारी शेजारी बसते, हा काकींचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. एकदा एका नव्या बाईने जागा बदलून मागितली. काकींनी तिला उठवलं, स्वतः तिच्या जागी बसल्या आणि संध्याकाळपर्यंत शेजारणीशी गप्पा मारत गर सोलत राहिल्या. त्या बाईला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ती आपणहून त्याच जागेवर येऊन बसली.

कोरोना आला तो ऐन बीच्या हंगामात. खाण्याच्या मालाचे कारखाने चालवायला परवानगी होती, म्हणून आम्ही चालू होतो. इतर कारखानदारांचे काकींना फोन येत. त्या सगळ्यांना सगळं ठाऊक असे. काकी मात्र रोज सकाळी फाटकाशी बायकांना लांब लांब उभं करत आणि काल काय कळलं, काय कळलं नाही, ते सांगत. कळलेलं थोडं आणि न कळलेलं फार, असाच तो प्रकार. काल दिलेला हुकूम आज फिरे. मला एक सांगा आणि त्यावर ठाम राहा, असा माझा स्वभाव. मी वैतागून म्हटलं, मालकाने असं बोलू नये, बायका घाबरतात. "घाबरल्यात त्या आधीच," काकी म्हणाल्या. "मी एकटीच न घाबरलेली दिसले तर माझ्यावर विश्वास कोण ठेवील?" मला ते पटलं नाही.

त्याच दिवसांत माझी आई गावी एकटी होती आणि मला जिल्ह्याबाहेर पडता येत नव्हतं. काकींनी माझ्याकडून तिचा नंबर घेतला. एक दिवस आईने फोनवर विचारलं, कुळथाचं पिठलं आवडलं का रे? मी तर बिस्किटांवर दिवस काढत होतो. काकींनी तिला सांगून टाकलं होतं की पाटील आमच्याकडेच जेवतात. त्या दुपारी डबा आला, त्यात पिठलं-भात. मी विचारलं तर म्हणाल्या, सांगून बसलेय, आता खोटं कशाला पडू द्यायचं. पुढे कित्येक महिने तो डबा येत राहिला. हे लिहिताना माझे डोळे भरून येताहेत, ते समितीने खुशाल छापावं.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं तो दिवस. सकाळी सगळ्याजणी आत गेल्यावर एक बाई पाण्याच्या टाकीपाशी मागे थांबली आणि काकींना म्हणाली की तिचा नवरा मुंबईहून कुणाला न कळता आलाय, बागेतल्या खोपटात राहतोय, अंगात ताप आहे. मी दोन हातांवर उभा होतो. काकींनी तिला तिथूनच घरी पाठवलं आणि लगेच आरोग्य खात्याच्या आशाताईंना फोन करून त्या माणसाची तपासणी करवायला सांगितलं. इथपर्यंत सगळं मला समजतं.

दुपारी गावच्या कोरोना समितीचे अध्यक्ष फाटकावर आले. निवृत्त गुरुजी, भला माणूस, काकींच्या बालपणीचा शेजारी. बागेत कुणाला तरी एक माणूस दिसला होता आणि त्याची बायको आमच्याकडे कामाला आहे असा त्यांचा अंदाज होता. पलीकडच्या वाडीत अशाच एका घराचं नाव फुटलं होतं. त्या घराचं विहिरीवरचं पाणी बंद झालं, दुकानदार सामान देईना. गुरुजींनाही ते आवडलं नव्हतं, पण गाव त्यांच्यामागे लागलं होतं. ते म्हणाले, एक नाव सांगा सुनंदाबाई, बाकीच्या बायका उद्या कामावर येऊ देत. नाहीतर कारखाना बंद करा.

"मला नाव ठाऊक नाय," काकी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांनी मागे वळून मला बॉयलर विझवायला सांगितला. सगळ्या बायकांनी, सगळ्यांनी, घरी जायचं, विलगीकरणात राहायचं, गावात कुणी फिरायचं नाही, पगार चालू राहील. सकाळी वाफवलेली बी कापायची तशीच पडली होती. मी विनवण्या केल्या. वाफवलेली बी फार दिवस राहत नाही, बुरशी धरते. ती धरलीच. पुढे कित्येक दिवस मी एकटा त्या कुबट वासात फिरत होतो आणि मनातल्या मनात काकींशी भांडत होतो.

त्यांनी असं का केलं? मला म्हणाल्या, बॉयलरचा आवाज बरा वाटत नव्हता. हा माझा अपमान होता, बॉयलर उत्तम होता. बायकांना म्हणाल्या, मला भीती वाटली. गुरुजींना कारणच सांगितलं नाही. सगळीच घरं बंद झाल्यावर बोट दाखवायला एक घर उरलं नाही, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. पण तसा त्यांचा विचार होता की तसं आपोआप घडलं, कोण सांगणार? त्या माणसाच्या तपासणीचा अहवाल कधी आलाच नाही. तो बरा झाला. आमच्यातल्या कुणालाही काही झालं नाही. कारखाना बंद केला म्हणून झालं नाही, की काही होणारच नव्हतं आणि आम्ही बी उगाच कुजवली? मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला आहे आणि दर वेळी अर्ध्यावर थांबलो आहे.

लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्या बाईंना विचारलं, कारण त्या अजून आमच्याकडेच आहेत. त्या म्हणाल्या, "माजा नाव काकींनी घेतला नाय, साहेब. मना तेवढा म्हाईत. तुमी लिवा आता, माजी काय हरकत नाय." मग मी काकींना फोन लावला. त्या बाईंची परवानगी मिळाल्याचं सांगितलं आणि विचारलं, नाव घालू ना?

"कुठली बाई?" काकी म्हणाल्या. "मला नाव ठाऊक नाय."

मी टाकीपाशी उभा होतो याची आठवण करून दिली. त्यावर त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली. पंचाहत्तरीत त्या खरंच विसरल्या असतील, किंवा फाटकावर दिलेला शब्द त्यांच्या दृष्टीने अजून संपलेला नसेल. विचारून उपयोग नाही, हे एवढ्या वर्षांत शिकलो आहे.

काकींना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. रोज सकाळी फाटकाशी उभं राहून आपल्याला काय कळलं नाही ते आम्हाला सांगायला त्या अशाच येत राहोत, आणि मी शेजारी उभा राहून वैतागत राहावं. नाव मी घातलेलं नाही.