पानं गळलेल्या कांड्या

वन्सं गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या हातात तांब्या होता, आणि त्यांनी नको म्हणून बजावलेलं काम मी नेमकं तेव्हाच करत होते. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्यांची सून दारात आली. "काकू, नगरहून काकांचा फोन हाय," एवढंच म्हणाली, पण तिचा चेहरा बघून मला कळलं. तांब्यातलं उरलेलं पाणीही मी त्या कांड्यांवरच ओतलं आणि मग चप्पल शोधली.

वन्सं म्हणजे माझ्या मिस्टरांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. अकोले तालुक्यात डोंगरातल्या शाळेत शिकवत होत्या. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे शेवगावला आल्या, त्या एक ट्रंक आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली आंब्याची फांदी घेऊन. वाऱ्यानं पडलेली फांदी, तिला मुळांनी घट्ट धरून बसलेलं डेंड्रोबियम, म्हणजे डोंगरातलं रानऑर्किड. ती त्यांनी मागच्या पडवीत तारेनं टांगली. शेजारच्या सखूबाई म्हणाल्या, "बाई, बांडगूळ हाय ते. घरात कशाला?" वन्सं म्हणाल्या, "बांडगूळ झाडात मुळं घुसवून जेवतं, सखूबाई. हे फक्त बसायला फांदी मागतं. खाणंपिणं हवेतून, पावसातून आपलं आपण बघतं." मग माझ्याकडे बघून हसल्या. "माझ्यासारखं." मला काही हसू आलं नाही. त्या आल्या त्या आठवड्यात मी माझ्या बहिणीला ओट्यावर म्हटलं होतं, आता ह्या कायमच्याच... त्यांनी ते ऐकलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

दिवाळी सरली की त्याची पानं पिवळी होऊन गळायची. उरायच्या नुसत्या बोटाएवढ्या कांड्या, जुन्या पांढऱ्या कागदात गुंडाळल्यासारख्या. माझा जीव तुटायचा. "झोपलंय ते," वन्सं म्हणायच्या. "कांड्यांत पाणी साठवून झोपलंय. आता पाजलंस तर कुजेल. सुमन, समोरचा नको म्हणाला की तुला वाटतं लाजतोय." आणि खरंच, फाल्गुनात एक पान नसताना त्या सुक्या कांड्यांवर पांढरी फुलं यायची.

यंदा त्यांना नगरच्या दवाखान्यात ठेवलं. मी पेजेचा चमचा धरून बसायची, त्या तोंड फिरवायच्या, मी म्हणायची, एवढा एकच... मी दोन दिवस घरी यायला निघाले तेव्हा म्हणाल्या, "त्याला पाणी नको घालू." बस, एवढंच. आणि घरी येऊन बघते तर त्या उघड्या कांड्या. मला राहवलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत गेले, तेराव्यापर्यंत.

चौदाव्या दिवशी हात लावला, तर दोन कांड्या बोटाखाली पिचल्या. वास आला. कात्रीनं कापून मी त्या परसात पुरल्या. मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या बहिणीची एवढीच तर खूण राहिलीय. उरलेल्या चारही वाचतील का, ह्या विचारानं मी दिवसातून दहादा पडवीत जाते.

काल एका कांडीच्या पेरावर मोहरीएवढं काहीतरी फुगलेलं दिसलं. कळी आहे, की तीही कुजायला लागलीय, मला ओळखता येत नाही. घरात ओळखणारं एकच माणूस होतं. तांब्या मी पडवीतच पालथा घालून ठेवलाय. सकाळी हात जातो त्याच्याकडे... मग मी वन्संच्या खुर्चीत बसते, आणि हात मांडीवर धरून ठेवते.