कधीच न हरलेला संघ

मला आयुष्यात जे धक्के बसले, त्यातले निम्मे एकट्या माझ्या साडूच्या रूममेटने दिलेले आहेत. दुबईत रूममेट हे नातं सख्ख्या भावाच्याही जरा वरचं असतं. त्यामुळे हे गृहस्थ माझेही कोणीतरी लागतात, पण नेमके कोण ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. नव्याने आलेल्यांना वाटतं, हे विमान चालवत असतील. एका बाईंनी तर त्यांना मुंबईच्या फ्लाइटमध्ये खिडकीची जागा मिळवून द्याल का, असंही विचारलं होतं. प्रत्यक्षात कॅप्टन एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीसाठी सिमेंट आणि सळया खरेदी करतात. कॅप्टनपद त्यांच्याकडे आलं ते कॉलेजात, आणि तेही बेसबॉलच्या संघाचं. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, जिथे क्रिकेटचे स्टंपसुद्धा बाभळीचे असत, तिथल्या कॉलेजात बेसबॉलचा संघ होता, हे ऐकून मला पहिला धक्का बसला.

मी नोकरीवर रुजू व्हायला आलो, तेव्हा दुबईच्या करामा भागातल्या साडूच्या फ्लॅटवर उतरलो होतो. दार कॅप्टननी उघडलं. अंगात बनियन, हातात लाटणं, आणि ते लाटणं दोन्ही मुठींत धरून उजव्या खांद्यावर उगारलेलं. मी बॅग टाकून मागे सरलो. "घाबरू नका हो, सवय आहे," ते म्हणाले, आणि माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "कॉलेजात काय खेळायचात?" मी म्हटलं, "कॅरम." त्यांनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. मग जेवताना त्यांनी आपल्या संघाचा इतिहास सांगायला घेतला. जिमखान्याच्या सरांनी संघाची स्थापना कशी केली, पहिले हातमोजे गावातल्या चपलांच्या दुकानात कसे शिवून घेतले, सुताराने बॅट म्हणून आधी भलंमोठं धोपटणंच कसं करून दिलं, मग सुवर्णकाळ, मग सर निवृत्त झाल्यावरची उतरती कळा. आणि शेवटी, घोट घोट पाणी पीत, ते ठेवणीतलं वाक्य : "पण आमचा संघ एकही मॅच हरला नाही. एकही!" माझी आमटी गार झाली होती. पण खरं सांगतो, मी भारावून गेलो होतो.

पुढे वहिनी आणि मुलगी आल्यावर कॅप्टननी शेजारच्या अजमानला घर घेतलं आणि रोज दुबईला ये-जा सुरू केली. त्या ट्रॅफिकमध्ये इतिहासाला भरपूर वाव मिळाला. त्यांच्या गाडीतून येणाऱ्या एका मल्याळी गृहस्थांना तो इतका पाठ झाला, की घसा बसल्यामुळे कॅप्टन जरा थांबले, तर हे पुढचं वाक्य हिंदीतून पुरवत. लग्नाच्या पंगतीत, दातांच्या डॉक्टरांकडे, व्हिसाच्या मेडिकलच्या रांगेत, कॅप्टननी तो इतिहास सांगितला नाही अशी जागा या देशात नसेल. एकदा मेट्रोत त्यांनी एका अमेरिकन माणसाला गाठलं. तो बिचारा डोळे विस्फारून ऐकत राहिला आणि आपलं स्टेशन गेल्याचं त्याला आणखी दोन स्टेशनं गेल्यावर कळलं. त्यातही अंतिम सामन्याचं वर्णन असं काही असे, की शेवटचा चेंडू आकाशात गेला म्हटल्यावर ऐकणारे आपोआप वर बघत. हळूहळू लोक कंटाळले. साडू तर इतिहास सुरू झाला की बाल्कनीतले कपडे काढायला जात. शेवटी त्यावर मनापासून विश्वास ठेवणारं माणूस एकच उरलं, ती म्हणजे त्यांची मुलगी.

ही मुलगी कॅप्टनच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देत मोठी झाली, पण इतिहासाच्या वेळी मात्र मांडी घालून समोर बसायची. बाकीच्या मुली बॅडमिंटन, पोहणं करत असताना हिने शनिवारचं बेसबॉलचं कोचिंग शोधून काढलं, आणि बघता बघता ती चेंडू टाकण्यात पटाईत झाली. "बाबा, थ्रो वुईथ मी ना," असं ती म्हणाली की कॅप्टनचा खांदा दुखायला लागायचा. आम्हाला वाटायचं, जुनी दुखापत असेल.

एका शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर कॅप्टन थेट माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. लाटणं दिसूनही उचललं नाही. 

"खलास," ते म्हणाले. "उद्या त्यांच्या कोचिंगची शेवटची मॅच आहे. मुलं व्हर्सेस पेरेंट्स. पोरीने कोचला सांगून टाकलं, माय डॅड वॉज कॅप्टन, कधीच हरला नाही. त्याने मला पेरेंट्सचा कॅप्टन केलंय. तो फिलिपिनो कोच मला 'सर, सर' करतोय हो."

"मग चांगलंच आहे की! खेळा!"

"मी खेळलेलो नाही."

"बरीच वर्षं झाली, मान्य आहे, पण..."

"अहो, बरीच वर्षं नाही. कधीच नाही. आम्ही एकही मॅच खेळलेलो नाही."

 मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. इतकी वर्षं आम्ही ज्या चेंडूसाठी वर बघत आलो, तो कोणी मारलाच नव्हता! मग कॅप्टननी हळूहळू सगळं सांगितलं. खेळाडूंना परीक्षेत वाढीव गुण मिळतात, आणि बेसबॉलला आख्ख्या विद्यापीठात कोणी फिरकत नाही, हे जिमखान्याच्या सरांनी हेरलं होतं. इंग्रजीत गटांगळ्या खाणारी पोरं गोळा करून त्यांनी संघ उभा केला. नाव आणखी एकाच कॉलेजाने नोंदवलं होतं, आणि तेही गुणांच्याच आशेने; नुसत्या नोंदणीवरही थोडे मिळत. सामन्याच्या दिवशी हे सगळे धुतलेले पांढरे कपडे घालून मैदानात उभे राहायचे. दुपारपर्यंत समोरून कोणी यायचं नाही. मग पंच 'पुढे चाल' असं जाहीर करायचे आणि हे विजयी व्हायचे. तिन्ही वर्षं हेच झालं.

"त्या गुणांवर मी बी.कॉम. झालो," कॅप्टन म्हणाले. "त्याच डिग्रीवर अटेस्टेशनचे शिक्के मारून इथे आलो. सगळं तिथून आलं. पण दरवर्षी आम्ही महिनाभर घाम गाळायचो हो, पहाटे उठून. वाटायचं, या वर्षी तरी येतील."

मला रागही आला होता आणि गलबलूनही आलं होतं. तब्येतीचं कारण सांगा, असं मी सुचवलं. बायको म्हणाली, "मुलीला खरं सांगा. ती मोठी झालीये." नकारार्थी मान हलवून कॅप्टन म्हणाले, "तेवढी एकच विश्वास ठेवते माझ्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे मैदानावर गेलो. थंडीचे दिवस होते, ऊन गोड होतं, पालक थर्मास आणि घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. कॅप्टन पांढरे कपडे घालून आलेले पाहून मला वाटलं, हा माणूस शेवटपर्यंत नाटक निभावणार. कोचने टाळ्या वाजवून, चला अशा अर्थाने, "यल्ला कॅप्टन, यू फर्स्ट!" असं पुकारलं. डोक्यावर हेल्मेट चढवून, बॅट घेऊन कॅप्टन निघाले. पण बॅटिंगच्या जागी न थांबता ते सरळ चालत मैदानाच्या मध्यावर गेले, जिथे त्यांची मुलगी चेंडू घेऊन उभी होती. सगळे गप्प झाले, त्यामुळे कुंपणाशी बसूनही आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला.

"बाळा, मी कधीच खेळलो नाही. आमच्यासमोर कोणी आलंच नाही. म्हणून हरलो नाही."

"व्हॉट डू यू मीन? द फायनल?"

"फायनल पण नाही."

"यू मेड इट अप? ऑल ऑफ इट?"

कॅप्टननी हेल्मेटसकट मान खाली घातली. मुलीचा चेहरा लाल झाला. तिने चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा पहिल्या हातात घेतला. डोळे पुसले की घाम पुसला, ते इतक्या लांबून कळलं नाही. माझी बायको माझ्या मनगटात नखं रुतवून बसली होती. आता ही पोरगी चेंडू टाकून निघून जाणार, अशी माझी खात्री झाली. आणि तेव्हा तिने, मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकलेल्या मराठीत, ठणकावून सांगितलं, "मी आलीये ना समोर? जा, तिकडे उभे राहा."

कॅप्टन जाऊन उभे राहिले. मुलीने जराही दयामाया दाखवली नाही. पहिला चेंडू गेल्यावर त्यांनी बॅट फिरवली, दुसऱ्याला चेंडू यायच्या आधीच फिरवली, आणि तिसऱ्याला इतकी जोरात फिरवली की स्वतःच गिरकी घेऊन खाली बसले. तिन्ही हुकले, बाद! पालकांचा संघ सपाटून हरला. आणि कॅप्टन मात्र कपड्यांची धूळसुद्धा न झटकता प्रत्येक मुलाशी हात मिळवत फिरत होते, हसत होते, आणि मध्येच बाहीला डोळे पुसत होते. हरल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

मुलगी आता शिकायला परदेशी गेली आहे. कॅप्टन इतिहास सांगत नाहीत. ट्रॅफिकमध्ये गप्प बसतात, आणि मल्याळी गृहस्थ तब्येत बरी आहे ना म्हणून विचारतात. मलाही चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा शनिवारी मी त्या मैदानावरून जात होतो, तर हे कुंपणाला हात लावून उभे. आत कोणाची कोण मुलं खेळायच्या तयारीत होती. मला धक्काच बसला. मी गाडी थांबवून विचारलं, "अहो कॅप्टन, आता इथे कशाला येता?"

"काही नाही," ते म्हणाले. "दोन्ही टीम आल्यात का, तेवढं बघतो आणि जातो."