जर्मनचं पातेलं

आमच्या अकोल्याच्या घरात ‘जर्मन’ म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. जर्मनची परात, जर्मनचा डबा, जर्मनचं पातेलं. त्या नावाचा देश घरात फार नंतर आला, माझ्या धाकट्या भावामुळे. तो यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला म्हणून तिकडे गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि आमची आई गल्लीत ‘जर्मनच्या सुनेची सासू’ झाली. बायका हसायच्या. हसू देत, त्यांना तरी दुसरा काय विरंगुळा होता.

मग एका पावसाळ्यात त्याचा फोन आला. आम्ही दोघं कायमचे परत यायचं म्हणतोय, बाळापूरच्या पुढचं आपलं शेत मीच करणार, असं तो म्हणाला. बायकोची तयारी होती, फक्त आधी एकदा येऊन घर, गाव, माणसं पाहायची होती तिला. दसऱ्याच्या सुमाराला येणार होते. आई फोन ठेवून देवापुढे साखर ठेवायला गेली. बाबा काहीच बोलले नाहीत आणि आईनं त्याचा अर्थ आनंद असा लावला.

सुनेच्या गावी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिकाचे आभार मानायचा सण असतो. शेतातून आलेलं टेबलावर मांडायचं आणि आंबवलेला कोबी, बटाट्याचे उकडलेले गोळे, भोपळ्याचं सूप असं जेवायचं. त्या वर्षी तो सण नवरात्रात येत होता. आईनं ठरवलं की हे सगळं आपण आपल्या हातानं करायचं. पोरीला इथे परकं वाटता कामा नये. तिला परकं वाटलं तर ती राहणार नाही, आणि ती नाही राहिली तर मुलगाही नाही. आईला त्यात दुसरी काही शंका नव्हती.

कोबी काही आठवडे आधीच घालावा लागतो. भावानं फोनवर कृती सांगितली. बारीक चिरायचा, मीठ चोळून पाणी सुटू द्यायचं, दाबून झाकून ठेवायचा. मोहरी नाही, हिंग नाही, हळदसुद्धा नाही. आईला हा समस्त लोणच्यांचा अपमान वाटला, पण तिनं ऐकून घेतलं. शेवटी तो म्हणाला, अगदी जर्मन पद्धतीनं कर. तिनं माळ्यावरून जर्मनचं पातेलं काढलं.

जिनं जन्मात कधी जर्मनमध्ये कढी केली नाही, आम्ही चुकून ताक ठेवलं तर पाठीत धपाटा घातला, तिनं आंबट कोबी आठवडेच्या आठवडे त्यात मुरू दिला. मी अमरावतीला शाळेत शिकवते. सुट्टीला घरी आले तेव्हा ते पाहून मी म्हटलं, अगं, आंबट आहे ते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्याइचं जेवन, त्याइचं भांडं. तुले काय समजते?” तिच्या स्वयंपाकात बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. कोबी मुरेपर्यंत नवरात्राचे उपास सुरू झाल्यामुळे तिनं स्वतः तो कोबी चाखलाही नाही.

ते दोघं आले. सून उंच, हसरी, आल्या आल्या आईच्या पायाशी वाकली आणि ‘आई’ म्हणाली. आईनं तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दोघी एकमेकींची भाषा येत नसताना दिवसभर बोलत राहिल्या. मला वाटलं, जमलं. खरंच जमलं होतं.

सणाच्या सकाळी भाऊ, बाबा आणि मी जीपनं शेतात गेलो. सुपासाठी कोहळं हवं होतं, पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. टेबलावर मांडायला कापसाची दोनचार बोंडं, सोयाबीनची काही झाडं आणायची होती. रस्त्यावरून सोयाबीन चांगलं दिसत होतं. भाऊ म्हणालाही तसं. बाबांनी दोनतीन झाडं उपटली, त्याच्या हातात दिली आणि शेंग फोडून पाहायला सांगितलं. आत दाणा नव्हता. त्यानं दुसरी फोडली, मग तिसरी. ऐन शेंगा भरायच्या वेळी पाऊस गेला होता. आदल्या वर्षीही तेच झालं होतं.

भाऊ म्हणाला, एखादं वर्ष जातं, बाबा. मी आहे ना आता. बाबा बांधावर बसले. त्या वर्षांत पंचक्रोशीत कुणी ना कुणी गळफास घ्यायचं, औषध प्यायचं, आणि बाबा सांत्वनाला जायचे. घरी आल्यावर त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले.

“मी लोकाइच्या दारात जाऊन बसून राहिलो. पोरं गेली त्याइची, तुह्याएवढी. उद्या लोकं माह्या दारात येऊन बसतीन, ते मले पाहाचं नाही. तू जाय. वापस नोको येऊ. आन् तुह्या आईले हे सांगू नोको, ती मले जगू देणार नाही.”

 येताना भावानं कोहळं मांडीवर धरलं होतं आणि ती झाडं हातात तशीच होती.

घरी सुनेनं ती झाडं त्याच्या हातातून घेतली. तिला त्या शेंगांतलं काय कळणार. तिनं त्यांची जुडी बांधून टेबलाच्या मधोमध ठेवली, शेजारी कोहळं, कापसाची बोंडं, ज्वारीचं कणीस. मग हात जोडून तिच्या भाषेत पिकाचे आभार मानले. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मला ते बघवेना.

आईनं वाढलं. कोबी काळपट करडा पडला होता आणि पातेल्याला आतून खड्डे पडले होते. सुनेनं घास घेतला, थांबली, पाणी प्यायली. भावानं पातेलं पाहिलं आणि हसायला लागला. जर्मन म्हणजे काय ते त्यानं बायकोला सांगितलं, तीही हसली, उठून आईच्या गळ्यात पडली. भाऊ मात्र हसतच राहिला, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. ते हसू नव्हतं, हे बाबांना आणि मलाच ठाऊक होतं. आई सुनेच्या ताटातल्या कोबीकडे पाहत राहिली.

दसरा झाला, ते गेले. काही दिवसांनी त्याचा फोन आला की परत यायचं तूर्त जमत नाही. कारण त्यानं सांगितलं नाही. आईनं विचारलं नाही, कारण तिला ते माहीत होतं.

तेव्हापासून दर नवरात्राआधी ती कोबी घालते. चिनीमातीच्या बरणीत. फोनवर त्याला आवर्जून सांगते की यंदा काळा नाही पडला, तिला सांगशील. तो हो म्हणतो. खाणारं घरात कुणी नसतं. बाबाच भाकरीशी तो सगळा संपवतात, तोंड वाकडं न करता.

मागच्या खेपेला मी तिथं होते. फोन ठेवून ती बाबांना म्हणाली, “एवढ्याशा भांड्यापायी पोरगं गेलं माह्यं.”

बाबांनी घास खाली ठेवला. “भांड्यानं नाही गेला तो,” ते म्हणाले. “आयकतं का—”

“तुमी चूप बसा,” आई म्हणाली. “तुमाले सैपाकातलं काय समजते?”

बाबांनी घास परत उचलला.